बादलीतलं धरण

प्रकरणाची सुरुवात कुरडयांपासून झाली.

एप्रिलचा पहिला आठवडा. एका स्टोरीसाठी चार दिवस विदर्भात भटकून मी सकाळी साडेसातला बसमधून उतरले, घरी आले, सॅक सोफ्यावर टाकली आणि बाल्कनीचं दार उघडलं. माझे तिन्ही टोमॅटो माना टाकून उभे होते. उभे कसले, कठड्याला टेकले होते. निघताना फ्लॅटमेटला दहादा बजावलं होतं, पाणी घाल गं. पण हिंजवडीत तिची रिलीज होती आणि रिलीजच्या आठवड्यात ती स्वतःच पाणी प्यायला विसरते, तिथे माझ्या टोमॅटोंची काय कथा! मग गिल्ट नावाची जी काही चीज असते ती माझ्या अंगात आली आणि मी तीन कुंड्यांत मिळून दोन बादल्या पाणी ओतलं.

झाडांना त्यातलं किती मिळालं देव जाणे. मातीनं तर घेतलंच नाही. कोरडीठक्क झालेली माती कुंडीच्या कडा सोडते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. तसं ते गेलं. गांडूळखताचा रंग घेऊन बाल्कनीच्या कडेवरून टपटपत राहिलं. मी तोपर्यंत आंघोळीला गेले होते.

खाली दुसऱ्या मजल्यावर काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या.

कुरडई म्हणजे पंगतीच्या ताटातला तो पांढरा कुरकुरीत झुपका, एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचे, चीक गाळायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी काढायचं, पहाटे उठून चीक शिजवायचा, हात भरून येईस्तोवर ढवळायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून घालायचा. चार-पाच दिवसांचं काम. काकू सत्तरीच्या.

साडेनऊला बेल वाजली. काकू दारात. हातात परात, परातीत चॉकलेटी ठिपक्यांच्या कुरडया. "हे बघ," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परातीचा फोटो आला. दुसऱ्या दिवशी आमच्या घरमालकांचा फोन. आवाज एकदम गोड. "कुंड्या तीस तारखेपर्यंत काढून टाका, काय. नाहीतर पुढच्या अॅग्रीमेंटचं बघावं लागेल." आमचं अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट जूनमध्ये संपणार होतं. आणि पुण्यात दोन लग्न न झालेल्या मुलींनी फ्लॅट शोधणं काय असतं, हे ज्यांनी शोधलाय त्यांना सांगायची गरज नाही. ("घरी मित्र येतात का?" हा ब्रोकरचा पहिला प्रश्न. भाड्याचं नंतर.)

"तीन टोमॅटोंसाठी आपण फ्लॅट घालवायचा?" फ्लॅटमेटनं विचारलं. प्रश्न अजिबात चुकीचा नव्हता.

त्यात माझ्या टोमॅटोंचा रेकॉर्ड काही फार उज्ज्वल नाही. २०२३च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा ऑफिसात जाणारा प्रत्येक जण बाल्कनीत शेतकरी झाला होता, तशी मीही झाले. माझी पहिली चार फळं पिकली तोवर बाजारात भाव कोसळले होते आणि शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते. तरी नाद सुटला नाही. पण गेल्या दोन सीझनमध्ये एक गोष्ट सारखी होत होती. फळ छान धरायचं, वाढायचं, आणि बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडायचा. मी कीड समजून कडुनिंबाचं तेल फवारत बसले होते. ती कीड नव्हतीच. टोमॅटोच्या बुडापर्यंत कॅल्शियम पोचतं ते पाण्याबरोबर. पाणी कधी पूर, कधी दुष्काळ असं आलं की मातीत कॅल्शियम असूनही फळाच्या टोकाला ते मिळत नाही आणि तिथला गर मरतो. म्हणजे दोष माझ्या टाइमटेबलचा. डेडलाइन असली की तीन दिवस दुष्काळ, मोकळी झाले की महापूर.

तर कुंड्या काढायच्या नसतील तर दोन गोष्टी जमायला हव्या होत्या. खाली एक थेंब पडता कामा नये. आणि मी घरी असो-नसो, झाडाला रोज सारखं पाणी मिळायला हवं. या दोन्हींचं उत्तर एकच निघालं: स्वतःचं पाणी स्वतः ओढून घेणारी कुंडी. ऑनलाइन तयार मिळते, पण जरा मोठ्या साइजची बघायला गेलं तर किंमत बघून मी टॅब बंद केला. घरी करायचा फंडा मात्र इतका सोपा आहे की आधी का नाही केला, असं वाटलं.

देवघरातली समई आठवा. तेल खाली, ज्योत वर, आणि मधे वात. तेल वर कोण चढवतं? वातीतल्या धाग्यांमधल्या बारीक बारीक फटी. शाळेत याला केशाकर्षण म्हणायचे आणि आपण ते दोन मार्कांसाठी पाठ करायचो. कुंडीत हेच करायचं. पाणी खाली, झाड वर, मधे वात. माती जितकी सुकेल तितकं पाणी वात वर ओढेल. भूक लागेल तेवढं जेवायचं, आग्रह नाही.

आयडिया काही आजची नाही. मातीचं मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवायचं, ते पाझरत राहतं, ही मटका सिंचनाची पद्धत आपल्याकडे दुष्काळी भागात वापरतात. आणि आज जी खोक्यासारखी कुंडी जगभर विकली जाते ती अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्लेक व्हिसनंट नावाच्या एका टोमॅटो शेतकऱ्यानं १९९०च्या दशकात काढली. पुन्हा टोमॅटोच. हे फळ माणसाला विचार करायला लावतं खरं.

मटेरियल जमवायला एक शनिवार गेला. सगळ्यात आधी दोन सारख्या मापाच्या बादल्या हव्यात, एकात एक बसणाऱ्या. रंगाच्या रिकाम्या बादल्या कुठल्याही नवीन बिल्डिंगच्या वॉचमनकडे ढिगानं मिळतात. पण त्यातलं आपण पुढे खाणार, म्हणून मला त्या नको होत्या. आमच्या मेसवाल्या मावशींकडे लोणच्याच्या वीस-वीस लिटरच्या बादल्या होत्या, चाळीस रुपयांना एक. बुडाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असेल तर ते खाण्याच्या वस्तूंना चालणारं प्लॅस्टिक असण्याची शक्यता जास्त, आणि आत आधीच लोणचं असेल तर प्रश्नच मिटला. फक्त वास. सोडा, लिंबू, ऊन, सगळं करून झालं. माझ्या बाल्कनीत अजून दुपारी ऊन तापलं की कैरीच्या लोणच्याचा घमघमाट सुटतो.

बाहेरची बादली म्हणजे पाण्याची टाकी. आतली म्हणजे कुंडी. बाहेरच्या बादलीत तळाशी तीन-चार विटांचे तुकडे ठेवायचे म्हणजे आतली बादली आठेक सेंटीमीटर वर राहते. तेवढी जागा पाण्याची. आता आतल्या बादलीच्या बुडाला मधोमध एक मोठं भोक, ज्यात दह्याचा प्लॅस्टिकचा कप गच्च बसून खाली लोंबेल. कपाला चहूबाजूंनी भोकं. हा कप म्हणजे आपली वात. त्यात ओलं मिश्रण ठासून भरायचं आणि तो पाण्यात बुडलेला राहील असं बघायचं. बुडाला बाकी ठिकाणी पेन्सिलएवढी पंधरा-वीस भोकं, मुळांना हवा मिळायला. कडेला आणखी एक भोक पाडून त्यातून इंचभर जाडीचा प्लंबिंगचा पाइप थेट खालच्या टाकीपर्यंत घालायचा. पाइपचं खालचं टोक तिरकं कापा, नाहीतर ते तळाला टेकून बूच बसल्यासारखं होतं. पाणी कायम या पाइपातून घालायचं, वरून नाही.

भोकं पाडायला ड्रिल मशीन असेल तर सॉलिड. आमच्याकडे गॅसवर तापवलेला स्क्रू-ड्रायव्हर होता. खिडक्या उघड्या ठेवा, तो धूर छातीत बसतो. मोठं भोक पाडताना माझी पहिली बादली तडकली, म्हणून सांगते: आधी बारीक बारीक भोकांचं वर्तुळ करा, मग कटरनं जोडा. घाई करू नका.

आत काय भरायचं यावर मात्र इथे तिथे बघून आलेल्या प्रत्येकाचं मत असतं. माझं असं की बाहेरची माती घालू नका. नर्सरीतली लाल माती नको आणि गावाकडून कौतुकानं आणलेली काळी तर नकोच. काळी माती पाणी ओढत नाही असं नाही, उलट ओढते आणि धरून बसते. पण तिचे कण इतके बारीक की सगळ्या फटी पाण्यानंच भरतात आणि हवेला जागा उरत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. म्हणून दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, भाताचं तूस मिळालं तर ओंजळ-दोन ओंजळी आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची वीट मला दोनशेला मिळाली. भिजवली की ती साठ-सत्तर लिटर होते. (बाथरूमच्या बादलीत भिजवू नका. आमच्याकडे ते वाढतच गेलं. फ्लॅटमेटला वाटलं हॉरर पिक्चर चालू आहे.) एकदा भिजवून, पाणी काढून टाकून, पुन्हा भिजवा, कारण त्यात क्षार असतात.

तर हिशोब: बादल्या ऐंशी, पाइप तीस, कोकोपीट पस्तीसचं, गांडूळखत साठचं. दोनशे पाच रुपये. दह्याचा कप फुकट, दही आम्ही खाल्लं.

रविवारी संध्याकाळी मी तिघांपैकी सगळ्यात मरतुकडा टोमॅटो त्यात हलवला, टाकी भरली आणि फोटो काढून घरमालकांना पाठवायच्या बेतात होते.

बुधवारपर्यंत झाड पिवळं पडलं. पानं पुन्हा खाली. मला वाटलं वात अजून लागली नसेल, तहान लागली असेल, म्हणून पाइपातून आणखी पाणी घातलं. गुरुवारी आणखी वाईट. आणखी पाणी.

आणि शुक्रवारी सकाळी काका आले.

काका म्हणजे खालच्या काकूंचे मिस्टर. पाटबंधारे खात्यातून रिटायर्ड इंजिनीअर, वय पंचाहत्तरीच्या आसपास, बोलणं मोजकं. "कुंड्यांचं काय झालं बघून ये, असा हुकूम आहे," ते दारातच म्हणाले. मी त्यांना बाल्कनीत नेलं आणि मोठ्या उत्साहानं सगळं समजावून सांगितलं. टाकी, वात, पाइप. त्यांनी बादलीभोवती एक चक्कर मारली, वाकून चहूबाजूंनी बघितलं आणि विचारलं, "सांडवा कुठाय?"

"काय?"

"अगं, सांडवा. धरण भरल्यावर जादाचं पाणी जायचं कुठून? वरून?"

मी ठेवलंच नव्हतं. फोटोत दिसलं होतं, बाहेरच्या बादलीला बाजूनं एक भोक. पण भोक म्हणजे गळती आणि गळती म्हणजे कुरडया, असं समजून मी हुशारीनं ते गाळलं होतं. त्यामुळे टाकी किती भरली हे मला कळत नव्हतं आणि मी घालतच राहिले होते. पाणी आतल्या बादलीत चढून मुळं चार दिवस बुडालेली. गंमत म्हणजे तहानेनं मरणारं झाड आणि पाण्यात गुदमरणारं झाड वरून सारखंच दिसतं, दोघंही मान टाकतात. आणि आपण दोघांनाही पाणीच घालतो.

"पुण्यात राहतेस आणि सांडवा विसरतेस!" काका म्हणाले. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला तेव्हा ते शाळेत होते, नदीच्या बाजूच्या पेठेत राहायचे. त्याबद्दल ते एवढंच बोलले. मग खिशातून पेन काढून त्यांनी बादलीवर एक रेघ मारली.

त्या रेघेचा अर्थ असा. आतल्या बादलीचं बूड तळापासून आठ सेंटीमीटरवर असेल, तर सांडव्याचं भोक सातवर. मधला एक सेंटीमीटर हवेचा. पाणी कधीच आतल्या बादलीच्या बुडाला टेकत नाही, फक्त वात तेवढी भिजते. मला इतके दिवस वाटत होतं की या कुंडीची करामत पाण्यात आहे. ती त्या एका सेंटीमीटर हवेत आहे.

"पण काका, भोकातून पाणी खाली…"

"सांडव्याखाली नदी लागते. तुझ्या सांडव्याखाली माझी बायको बसलीये." मग त्यांनीच सुचवलं, भोकात फिश टँकची बारीक नळी घट्ट बसव आणि तिचं दुसरं टोक बाटलीत सोड. बाटलीत पाणी दिसलं की टाकी भरली, थांबायचं. नळी वीस रुपयांना मिळाली. पाइपात एक बांबूची काडी, तिच्या टोकाला थर्मोकोलचा तुकडा, म्हणजे पाणी किती उरलंय ते काडी वरखाली होऊन सांगते. ही कल्पनाही त्यांचीच. काडीवर त्यांनी स्वतः पेननं खुणा केल्या. तळातल्या एका सेंटीमीटरला ते 'मृत साठा' म्हणतात, कारण कप तळाला टेकत नाही आणि ते पाणी वातीच्या हाती लागत नाही. चहाच्या कपाशेजारी वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी गणित मांडलं: बादलीच्या बुडाचा व्यास सव्वीस सेंटीमीटर, पाण्याची उंची सात, एकूण साठा पावणेचार लिटरच्या आतबाहेर, मृत साठा अर्धा लिटर. उपयुक्त साठा धरा सव्वातीन.

"आता मला सांग, तुझा टोमॅटो एप्रिल-मेमध्ये रोज किती पितो?"

मी मोजलं नव्हतं. पुढचे चार दिवस मोजलं. मरतुकडा तर गेलाच (मुळं उपटून बघितली तेव्हा तपकिरी आणि मऊ झाली होती), पण दुसरा भरलेला, फळं धरलेला टोमॅटो नव्या, सांडवावाल्या बादलीत लावला. तो दुपारच्या झळांमध्ये दिवसाला दीड-दोन लिटर ओढत होता. म्हणजे माझं धरण दोन दिवसांत रिकामं. तिसऱ्या दिवशी पुन्हा मान खाली.

हे मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. तिथे सगळे 'आठवडाभर बघायला नको' म्हणतात. असेल, जिथे ऊन आपल्यासारखं नसतं तिथे. पुण्याच्या उन्हाळ्यात फळावर आलेल्या टोमॅटोला वीस लिटरची जोडबादली दोन दिवस पुरते. मिरचीला त्याच बादलीत पाच-सहा दिवस. पालकाला आणि पुदिन्यालाही तितकेच. काकांचा निकाल असा: "टोमॅटो म्हणजे तुझा ऊस आहे. महिन्यातून चार वेळा गावाला जाणाऱ्या बाईनं ऊस लावू नये."

म्हणून मी एकच टोमॅटो ठेवला आणि बाकी बादल्यांमध्ये मिरच्या लावल्या. वरच्या तोंडावर वाळलेला पालापाचोळा दोन-तीन इंच पसरला, त्यानं उडून जाणारं पाणी बरंच वाचतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार गच्चीवरच्या शेतीत माती कमी आणि पालापाचोळा जास्त हेच सांगत आला. आमच्या सोसायटीत रोज सकाळी दोन पोती पानं झाडून कचऱ्यात जातात. आता एक जातं.

एक गोष्ट इथे टाळाटाळ न करता सांगायला हवी, ती म्हणजे डास. झाकलेली असली तरी ही स्वच्छ, साठलेल्या पाण्याची टाकीच आहे आणि डेंग्यूच्या डासाला नेमकं तेच आवडतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे पाइपाच्या तोंडावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबरबँडनं बांधायचा (काडीपुरती फट ठेवून नव्हे, काडी जाळीतूनच ओवायची). सांडव्याची नळी ज्या बाटलीत जाते तिचं तोंडही तसंच बंद, आणि बाटली दर दोन-तीन दिवसांनी रिकामी. दोन बादल्यांच्या कडांमध्ये फट असेल तर तिथे जुन्या ओढणीची पट्टी खोचा. हे करायचा कंटाळा असेल तर कृपा करून ही कुंडी करूच नका. साधी बरी.

आणखी बारीकसारीक. रोप नवीन असताना पहिले आठ-दहा दिवस वरूनच हलकं पाणी द्यावं लागतं, मुळं खाली पोचेपर्यंत वातीचा उपयोग नाही. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर महिन्याभरात वर पांढरा थर दिसायला लागतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. महिन्यातून एकदा वरून दोन-तीन तांबे पाणी घालून ते खाली धुवून काढायचं, आणि बाटलीवर लक्ष ठेवायचं. कोरफड, जेड, निवडुंग यांना हे सगळं नको, त्यांना कोरडं राहायला आवडतं. आणि भरलेली बादली पंधरा किलोच्या आसपास जाते. कठड्यावर अजिबात ठेवू नका, खाली माणसं चालतात.

फक्त एखादं पुदिन्याचं रोप हवं असेल त्यांनी एवढाही खटाटोप करू नये. दोन लिटरची कोल्डड्रिंकची बाटली मधोमध कापा, वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवा, बुचाला भोक पाडून त्यातून वात सोडा. मी पहिल्यांदा परकराची सुती नाडी वापरली. दोन महिन्यांत ती कुजून तुटली. जुन्या स्पोर्ट्स शूजची लेस एकदम सही चालते. बाटलीला बाहेरून कागद गुंडाळा, नाहीतर उजेडानं आत शेवाळ धरतं. ऑफिसच्या डेस्कवरही ठेवता येते, जर तुमचं डेस्क खिडकीजवळ असेल आणि तुमच्या अॅडमिनला विनोदबुद्धी असेल तर.

तीस एप्रिलला मी घरमालकांना व्हिडिओ पाठवला. पाइपातून पाणी घातलं, नळीतून बाटलीत आलं, आणि मग कॅमेरा बाल्कनीच्या फरशीवर फिरवला. कोरडी. बाहेर वाकून खालच्या कठड्यावरही फिरवला. कोरडा. त्यांचा अंगठा आला. फक्त अंगठा, पण अॅग्रीमेंट रिन्यू झालं, भाडं दीड हजारानं वाढवून. ते टोमॅटोंमुळे नाही, ते दरवर्षीचं.

मेमध्ये मी पाच दिवस बाहेर होते. टोमॅटोसाठी फ्लॅटमेटनं एक दिवसाआड पाइपात पाणी ओतलं. तिच्या मते हे तिला जमलं कारण काडी खाली गेलेली तिला बाल्कनीच्या काचेतून दिसायची, "लो बॅटरीसारखं". मिरच्यांकडे कुणी बघितलंही नाही. परत आले तेव्हा सगळे उभे होते. त्या टोमॅटोनं उन्हाळ्यात एकूण सव्वीस फळं दिली, त्यातली बुडाशी काळी फक्त दोन, तीही सुरुवातीची. भाजी मंडईच्या भावानं हिशोब केला तर बादलीचे पैसेसुद्धा धड निघाले नाहीत, हे मी काकांना सांगितलं नाही.

काकूंचं म्हणाल तर त्या अजून माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नाहीत. मी सहा टोमॅटो पिशवीत घालून नेऊन दिले, त्यांनी घेतले, पिशवी धुवून परत पाठवली. कुरडया पुढच्या वर्षीच होतील, त्या आधी होत नाहीत. मी गहू वाटायला मदतीला येते म्हटलं तर म्हणाल्या, "बघू."

पण जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी काका वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन वर आले. अळूचे दोन कंद, काकूंच्या माहेरचे. निरोप असा होता की याला पाणी भरपूर लागतं, त्या तुझ्या बादलीत बघ लावून, आणि पान खाजरं निघालं तर तो अळूचा दोष, आमचा नाही.

काकांनी नवीन बादलीवर रेघ मारून दिली. आता तिसरं पान उलगडतंय. वडीच्या एका उंड्याला निदान पाच-सहा लागतात.